मोहरीचे प्रकार: कशाबरोबर खावी, कोणी जपावे?

मोहरीचे मुख्य प्रकार तीन: काळी, तपकिरी आणि पिवळी. अख्खा दाणा झणझणीत नसतो. तो भरडून पाणी लागले की त्यातील एन्झाइममुळे झणका तयार होतो. उष्णतेने हे एन्झाइम निष्क्रिय होते, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही.

कोणती कशाबरोबर?

• काळी, तपकिरी: पोहे, आमटी, भाजीची फोडणी, फेसून कोशिंबिरीत.
• मोहरीची डाळ: कैरीचे, लिंबाचे लोणचे.
• बंगाली कासुंदी: मासे, पालेभाज्या.
• पिवळ्या मोहरीचा सॉस: सँडविच, बर्गर.
• फ्रेंच पद्धतीची दिजों मोहरी: सॅलड, भाजलेले चिकन.

कोणी काळजी घ्यावी?

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास फोडणीच्या मोहरीची भीती नको. पथ्य लोणचे आणि बाटलीतल्या सॉसमधील मिठाचे आहे. मधुमेह असल्यास मध घातलेला मोहरी सॉस टाळा. फेसलेल्या मोहरीने छातीत जळजळ होत असेल, तर ती कमी करा.

मोहरीची ॲलर्जी

मोहरी शिजवली तरी ॲलर्जीचा धोका जात नाही. युरोपीय संघात वेष्टनावर नमूद करणे बंधनकारक असलेल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत मोहरी आहे. ॲलर्जी असलेल्यांनी मसाला, मेयोनीज, सॅलड ड्रेसिंग घेताना घटकांची यादी वाचावी. हॉटेलात फोडणीबद्दल विचारावे.

मोहरी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्यास डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.