रत्नागिरीतली वेलांटी

देवरूखच्या एसटी स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागते. पाटीवरचा ‘रत्नागिरी’ वाचताना आपण अडखळत नाही. अर्धा ‘त’ पुढच्या ‘न’ला चिकटतो. ‘गि’ची वेलांटी उच्चारात ‘ग’च्या नंतर येते, लिहिताना मात्र त्याच्या आधी उभी राहते. आपल्या डोळ्यांना हे पहिलीपासून सवयीचं झालेलं असतं. संगणकाला ते वेगळं शिकवावं लागलं, आणि एका जागी ते फार उशिरा पोचलं. ती जागा म्हणजे इन्स्टॉलर.

फोन वापरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी इन्स्टॉलर पाहिलेलाही नसतो, कारण फोन आधीच सगळं घालून येतो. पण कोऱ्या किंवा जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचं तर पहिली गाठ त्याच्याशीच. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, हे विचारून झालं की तो हार्ड डिस्कपाशी येतो. तिथे सूचना न कळता ‘हो’ म्हटलं तर घरातले सगळे फोटो क्षणात जाऊ शकतात. म्हणून हे प्रश्न आपल्या भाषेत असणं ही चैन नव्हे.

डेबियन ही मुक्तस्रोत प्रणाली इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केली. तिच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात. २००२च्या ‘वूडी’पर्यंत तिचा इन्स्टॉलर ‘बूट-फ्लॉपीज’ नावाचा होता. तो वाढवणं, सांभाळणं अवघड होत गेलं, तेव्हा स्वयंसेवकांनी डागडुजी सोडून नवाच बांधायला घेतला. जून २००५मध्ये ‘सार्ज’बरोबर तो आला. त्यात प्रत्येक कामाचा सुटा तुकडा होता. शिवाय एक गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली होती: प्रश्न काय विचारायचा हे एकीकडे, आणि तो पडद्यावर कसा दाखवायचा हे दुसरीकडे.

मराठीच्या दृष्टीने सगळी मेख इथेच होती. जुन्या मजकुरी पडद्यावर अक्षरं ठरावीक मापाच्या चौकोनांत बसायची. इंग्रजीचं त्यात भागतं. ‘रत्नागिरी’ मात्र संगणकाच्या आत र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी अशा नऊ तुकड्यांत साठवलेला असतो. ते एकेका चौकोनात ओळीने ठेवले तर शब्द मोडतो. म्हणजे भाषांतर कितीही उत्तम केलं, तरी ते दाखवायला पडदाच नव्हता.

प्रश्न आणि पडदा वेगळे असल्यामुळे प्रश्नांना हात न लावता नवा पडदा जोडता आला. एप्रिल २००७च्या ‘एच’मध्ये चित्रमय इन्स्टॉलर आला. तुकडे जुळवणं, वेलांटी योग्य जागी नेणं हे काम त्यात ‘पँगो’ नावाची लायब्ररी करू लागली. मग १४ फेब्रुवारी २००९ला आलेल्या ‘लेनी’त मराठी दाखल झाली. त्या आवृत्तीत एकूण ६३ भाषा होत्या. त्यातल्या ५० मजकुरी पडद्यावरही चालत. उरलेल्या १३ फक्त चित्रमय पडद्यावर दिसत, आणि त्यांत हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ यांच्यासोबत मराठी होती.

सगळंच साधलं असं नाही. डिस्क लावून संगणक सुरू केला की पहिला मेन्यू इंग्रजीतच यायचा. त्यात ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडलं तरच पुढे भाषांच्या यादीत मराठी भेटायची. आपल्या घरात शिरायला उंबरठ्यावर दुसऱ्याची भाषा बोलावी लागत होती.

तरीही या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. मराठी संगणकावर मागे का, असं विचारलं की आपण लगेच भाषांतर करणाऱ्यांकडे, नाहीतर भाषेच्या अभिमानाकडे बोट दाखवतो. इथे अडसर होता तो पडद्याच्या रचनेत. आणि तो निघू शकला, कारण प्रश्न आणि पडदा वेगळे ठेवायचं कुणीतरी वेळेवर ठरवलं होतं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरीची पाटी असण्याची गरज नव्हती. पुढे येणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली होती, एवढं पुरलं.