‘शत्रुराष्ट्राच्या नागरिक’ आणि विश्वनागरिकत्वाचा धडा

१/८
सप्टेंबर २०१५. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील लक्ष्य ४.७ सांगते की, शाश्वत विकास आणि विश्वनागरिकत्व यांचे शिक्षण प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावे. ही कल्पना बाहेरून आलेली वाटते. परंतु तिच्या मुळांपैकी एक तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरात सापडते.

२/८
नोव्हेंबर १९३९. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून ६९ वर्षांच्या मारिया माँटेसरी पुत्र मारिओसह मद्रासला आल्या. मुसोलिनीच्या राजवटीशी बिनसल्याने त्यांनी १९३४ मध्येच इटली सोडली होती. अड्यार येथील त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गाला देशभरातून सुमारे ३०० शिक्षक आले.

३/८
जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. बाईंना अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन आले. ३१ ऑगस्टला, त्यांच्या ७०व्या वाढदिवशी, सरकारने मारिओंची सुटका केली. भारत सोडणे मात्र १९४६ पर्यंत जमले नाही.

४/८
१९४२ ते १९४४ या काळात त्या कोडाईकनालला राहिल्या. तिथे मुलांसोबत वनस्पती, कीटक, प्राणी न्याहाळताना ६ ते १२ वर्षे वयासाठीची त्यांची ‘कॉस्मिक एज्युकेशन’ ही कल्पना आकाराला आली. आपण तिला ‘विश्वशिक्षण’ म्हणू. आधी अखंड विश्वाची गोष्ट सांगायची, मग तिच्यात एकेका विषयाची जागा दाखवायची, असा तिचा क्रम.

५/८
त्यांचे आवडते उदाहरण प्रवाळाचे. नद्या समुद्रात अखंड क्षार आणून ओततात. त्यांतील कॅल्शियम घेऊन प्रवाळ आपले घर बांधतो आणि स्वतःपुरते जगता जगता समुद्राचा समतोलही राखतो. प्रत्येक जीव नकळत इतरांसाठी राबत असतो, हे मुलाला उपदेशाविना उमगते.

६/८
हाच धागा पुढे माणसापर्यंत येतो. आपल्या ताटातले अन्न आणि अंगावरचे वस्त्र किती अनोळखी हातांतून आले, याचा शोध मुलांनी घ्यावा आणि त्या हातांविषयी कृतज्ञता बाळगावी. म्हणजे पर्यावरण आणि नागरिकत्व हे त्यांच्या लेखी दोन स्वतंत्र पाठ नव्हतेच. जगात माणसे एकमेकांची शहरे बेचिराख करत असताना हा धडा सिद्ध होत होता.

७/८
एक प्रश्न उरतो: माँटेसरींची साधने महाग, गरिबांच्या मुलांचे काय? त्याचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने शिंपले, खडे, बिया, पाने हीच शैक्षणिक साधने केली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. ती ‘कुरणशाळा’.

८/८
माझ्या पिढीने परिसर अभ्यासाच्या पेपरात ‘झाडे लावा’ लिहून गुण मिळवले. शाळेच्या दारातल्या झाडाचे नाव मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. लक्ष्य ४.७ची मुदत २०३० ला संपते. तोवर पुस्तकात आणखी एक प्रकरण वाढवणे सोपे आहे. कोडाईकनाल आणि कोसबाड यांचा इतिहास मात्र सांगतो की, या शिक्षणाचा आरंभ मुलाच्या हातातल्या बीपासून होतो. तुमच्या शाळेच्या दारात कोणते झाड होते?