चेक बंद करा म्हणणाऱ्यांना एक प्रश्न : तोटा कोणाचा?

गेल्या महिन्यात परळमध्ये पुनर्विकासात गेलेल्या एका चाळीच्या रहिवाशांच्या बैठकीला गेले होते. चाळ पाडून तीन वर्षे होत आली, इमारत जोत्याच्या वर गेलेली नाही आणि विकासकाने भाडे देणे थांबवले आहे. बोलता बोलता लक्षात आले की रहिवाशांचे दोन गट पडले आहेत. काहींनी हट्टाने पुढील तारखांचे चेक घेतले होते. ते बाउन्स झाले आणि बँकेचा रिटर्न मेमो त्यांच्या हातात आला. बाकीच्यांना सांगितले गेले होते, "चेकची कटकट कशाला, दर महिन्याला थेट खात्यात टाकतो." त्यांच्या हातात काय? पासबुकात न आलेली एक नोंद!

बैठकीनंतर आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, आज चहासुद्धा मोबाइलवर मिळतो. चेक ही मेलेली गोष्ट आहे, सरकारने सरळ बंद करावी." हा लेख त्याला उत्तर म्हणून लिहिते आहे. कारण असे वाटणारा तो एकटा नाही.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे झाली असे फॉरवर्ड आपण दर एप्रिलमध्ये पाठवतो. पण १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयावरचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी उघडला आहे? १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी विनिमय दराच्या वादात वर्गाचा प्रश्न घातला. रुपया स्वस्त झाला तर व्यापाऱ्याचा फायदा होतो, पण तो फायदा येतो कुठून? मजुराच्या खिशातून. कारण भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. पैशाच्या कोणत्याही व्यवस्थेला लाभ कोणाचा आणि तोटा कोणाचा हे विचारायचे, ही बाबासाहेबांची पद्धत. चेकलाही तोच प्रश्न विचारू.

जातीचा शब्द आणि कायद्याची सही

चेकच्या आधी मुंबईच्या बाजारात हुंडी चालायची. हुंडी स्वीकारायची की नाही हे पेढीच्या पतीवर ठरे आणि पत ठरे घराण्यावर, ज्ञातीवर, बाजारातल्या ओळखीवर. ज्याला बाजारात ओळख नाही त्याच्या शब्दाला किंमत नाही. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याने तसेच राहू दिले. चेक मात्र या कायद्याखाली आला. चेकवर जात लिहावी लागत नाही. नाव, रक्कम, तारीख आणि सही एवढेच लागते. कागदावर तरी ही मोठी क्रांती होती.

पण फक्त कागदावर. चेकला खाते लागते आणि खात्याला लागायचा परिचय. जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करून "मी यांना ओळखतो" असे सांगायचे, मगच खाते उघडायचे. त्यालाही कायद्याचे कारण होते. भलत्याच माणसाचा चेक वसूल केला गेला तर बँकेला कलम १३१ चे संरक्षण हवे, आणि ते मिळवायचे तर निष्काळजीपणा केला नाही हे दाखवावे लागे. पण ज्या वस्तीत एकाचेही खाते नाही, तिथे ओळख देणार कोण? हुंडीतली ज्ञात पुढच्या दाराने गेली आणि परिचयाच्या सहीतून मागच्या दाराने परत आली.

याच मुंबईत १९०६ साली शामराव विठ्ठल आणि १९१८ साली गिरगावात सारस्वत या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. आपल्या ज्ञातीतल्या अडलेल्या माणसाला ज्ञातीने हात द्यावा, हा त्यांचा आधार. त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या ज्ञातीकडे द्यायला भांडवलच नव्हते, त्यांनी कोणाचा हात धरायचा? गिरणगावात त्यांच्यासाठी सावकार आणि पठाण होते.

गिरणीतला पगार

गिरण्यांतही पैशाची वाट जातीनेच अडवली होती. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. पगार महिन्याने, तोही उशिरा. मधल्या दिवसांत वाणी आणि सावकार. रॉयल कमिशन ऑन लेबरने कामगारांच्या कर्जबाजारीपणावर लिहिले, त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. त्यात पगार ठरलेल्या मुदतीत आणि चलनी नाणी किंवा नोटांतच द्यावा असे बंधन होते. म्हणजे कामगाराच्या हातात चेक ठेवायला कायद्यानेच मनाई! आणि ती योग्य होती, कारण खाते नसलेल्या माणसाला चेक म्हणजे वटवणाऱ्याच्या दारातली आणखी एक रांग. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७६ साली कामगाराने लेखी संमती दिली तरच चेकने किंवा खात्यात पगार देता येईल अशी दुरुस्ती झाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती संमतीही काढून टाकली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी परत आली नाही. पुढे कधीतरी देणी मिळाली, ती चेकने. आयुष्यातला त्यांचा पहिला आणि शेवटचा चेक. खाते उघडायला परिचयाची सही शोधत ते दोन आठवडे फिरले. अंगठ्याऐवजी सही करायला ते रात्रशाळेत शिकले होते. ती सही जुळत नाही म्हणून त्यांना दोनदा परत पाठवले, हे आजी अजून सांगते.

म्हणून चेकविषयी मला हळहळ नाही. तो कधीच आपल्या बाजूने जन्मलेला नव्हता.

मग बंद का करू नये?

कारण उशिरा का होईना, त्याचा एक उपयोग आपल्या हाती आला आहे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. देण्यापोटी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला तर तो गुन्हा. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, न दिल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय देणे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे चेक देणाऱ्यावर. घरकाम करणारी बाई आणि विकासक एकाच कोर्टात उभे राहतात आणि पुरावा तिच्या बाजूने असतो. असे आपल्या आयुष्यात किती वेळा घडते?

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ साली विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करायला आणि पुढच्या वर्षाचे चेक द्यायला सांगितले, ते उगाच नाही. पुढील तारखेचा चेक हे लेखी वचन असते. यूपीआय वचन देत नाही, पैसे आले की आले. न आलेल्या पैशाचा रिटर्न मेमो निघत नाही. करारावर दाद मागता येते, पण त्यासाठी किती वर्षांचे हेलपाटे लागतात हे चाळकऱ्यांना विचारा.

कोणी म्हणेल, डिजिटललाही कायदा आहे. आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टचे कलम २५. पण ते वापरते कोण? कर्ज देणारी कंपनी. ती आपल्याकडून खात्यातून हप्ता कापण्याचा मँडेट घेते आणि हप्ता चुकला की हे कलम दाखवते. भाडेकरू विकासकाकडून असा मँडेट घेऊ शकतो का? व्यवहारात तशी सोय नाही. चेक उद्या बंद झाला तर वसुलीचे हत्यार सावकाराकडे राहील आणि आपले तेवढे जाईल. हा आहे लाभ-तोट्याचा हिशोब.

चेकची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा घेत, आता कर्ज देताना सही केलेले कोरे चेक घेतात. आणि २०१९ च्या बीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही कायद्याचे गृहीतक लागू होते. म्हणून कोरा चेक कोणालाही देऊ नका, वस्तीत हे ओरडून सांगा. कोर्टेही तुंबलेली आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीत कलम १३८ चे ३५ लाखांहून अधिक खटले प्रलंबित होते. पण कोर्ट संथ आहे म्हणून फिर्यादीचा हक्कच काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

चेक संथ आहे ही तक्रारही जुनी झाली. २०१३ पासून मुंबईत चेकचा कागद फिरत नाही, त्याचे छायाचित्र फिरते. ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर सतत चालते.

ब्रिटनमध्ये २०१८ पर्यंत चेक बंद करायचे २००९ साली ठरले होते. वृद्ध आणि धर्मादाय संस्थांनी विरोध केला आणि २०११ साली निर्णय मागे घ्यावा लागला. डेन्मार्क, न्यूझीलंडने चेक बंद केले. आपल्याकडे नोटबंदीनंतर चेकबुके जाणार अशी चर्चा उठली, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्थ मंत्रालयाला तसा प्रस्ताव नसल्याचा खुलासा करावा लागला. प्रश्न पुन्हा येणारच आहे. तेव्हा आपली भूमिका तयार हवी.

माझी भूमिका अशी. चेक जायचाच असेल तर जावो, पण आधी तीन गोष्टी द्या. पहिली, भाडे, मजुरी आणि नुकसानभरपाई घेणाऱ्या सामान्य माणसाला देणेकऱ्याकडून मँडेट घेण्याचा हक्क. दुसरी, ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत तर बँकेकडून लेखी दाखला, कलम १३८ इतक्याच ताकदीचा. तिसरी, मोबाइल नसलेल्या, बोटांचे ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कागदावर व्यवहार करण्याची कायम मुभा. हे मिळेपर्यंत चेक राहिला पाहिजे.

डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने पैसे पाठवण्याच्या ॲपला "भीम" नाव दिले आणि आपण खूश झालो. नाव मिळाले, हक्काचे काय? पुढच्या वेळी विकासक "चेक कशाला, ऑनलाइन देतो" म्हणाला, तर हसून एवढेच म्हणा, ऑनलाइन द्या, पण बारा महिन्यांचे चेक आधी इथे ठेवा.

जय भीम!