सुई कुठवर पोचली

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून एक बातमी आली. सिकलसेलच्या रुग्णांसाठी जनुकातच दुरुस्ती करणारा देशी उपचार आपल्या शास्त्रज्ञांनी तयार केला आहे, आणि बिरसा मुंडांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून त्याला 'बिरसा १०१' असं नाव दिलं आहे. तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला बरोबर घेतलं आहे. वाचून बरं वाटलं. विदर्भात ज्याने शाळेत नोकरी काढली त्याला हा आजार सांगावा लागत नाही. वर्गात एखादं लेकरू असतंच, डोळे पिवळसर, थंडी पडली की हातपाय ठणकतात म्हणून आठ-आठ दिवस गैरहजर.

पण मी इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस. नवं काही आलं की त्याच्या आधी काय आलं होतं आणि त्याचं आपण काय केलं, ते बघायची खोड जात नाही.

आधी आजाराविषयी थोडं. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचे झटके सुरू होतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचं पहिलं वर्णन छापलं. पुढे १९५६-५७ मध्ये इंग्लंडात व्हर्नन इनग्राम यांनी दाखवून दिलं की हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीतला फक्त एक दुवा बदललेला असतो. जनुकाच्या भाषेत बोलायचं तर एका अक्षराची चूक. शुद्धलेखन तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे चटकन कळतं.

भारतात हा आजार प्रथम सापडला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या नोंदी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे आदिवासींत आणि काही अनुसूचित जातींत तो जास्त आढळतो, पण इतर समाज त्यातून सुटलेले नाहीत. आई किंवा बाप, एकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याला संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्येच सिद्ध केलं. म्हणजे आज ज्याला आपण दोष म्हणतो त्याने जंगलकाठच्या माणसांच्या कैक पिढ्या तगवल्या आहेत. हे कितीदा सांगितलं तरी 'तो त्यांचा आजार' हे वाक्य काही लोकांच्या तोंडून जात नाही. असो.

नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक खेपेला नव्याने चारात एक. तीन चांगली झाली म्हणून चौथं आजारी, असा हा हिशोब नाही.

मग जन्माआधी कळेल का? १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत युएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी दाखवलं की कळू शकतं. आईच्या पोटातून सुई घालून थोडं गर्भजल काढायचं आणि त्यातल्या पेशींचा डीएनए तपासायचा. ती सुई तोवर आपल्या देशात आलेली होती. दिल्लीच्या एम्समध्ये सत्तरच्या दशकाच्या मध्याला गर्भातली व्यंगं शोधण्यासाठी ती वापरात आली. पण त्याच पाण्यावरून मुलगा की मुलगी हेही समजतं, एवढं लोकांना कळायचा अवकाश होता. सरकारी रुग्णालयांत लवकरच लिंगनिदानाला मनाई झाली. खाजगीत कुणी हात धरला नाही. आज थोडे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड झळकत होत्या.

१९८६ च्या सुमारास राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, तर त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. त्याच काळात मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि वकील एकत्र येऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पण एव्हाना मुलगी शोधायला सुईची गरजच उरली नव्हती, सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावी येऊन बसलं होतं. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. जनगणनेने काय दाखवलं? सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४.

केंद्राचा कायदा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. गर्भाची तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येईल याची त्यात यादी आहे, आणि हिमोग्लोबिनचे आजार त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे सिकलसेलसाठी दार कायद्याने उघडंच ठेवलं होतं. तरी घडलं ते असं की, कायद्याने जे बंद केलं ते चोरवाटेने गावोगाव पोचलं, आणि जे उघडं होतं ते अनेक वर्षं मुंबईसारख्या शहरातल्या मोजक्या प्रयोगशाळांत राहिलं. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आली ती २०२२ मध्ये. यात मला तंत्राचा दोष दिसत नाही. मुलगी आहे का, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या खिशात पैसे होते. लेकरू आजारी निघेल का, असं विचारणारी माणसं मजुरी बुडवून येणारी होती. २०११ मध्ये लहान मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत चांगलं होतं गडचिरोलीत, आणि सिकलसेलने गांजलेल्या जिल्ह्यांतही गडचिरोली आहेच. ज्यांनी या विद्येचा गैरवापर सर्वांत कमी केला त्यांच्याच दाराशी तिचा उपयोग सर्वांत उशिरा आला.

याचा अर्थ आजारी गर्भ काढूनच टाकावा असं मी म्हणतो, असा कुणी घेऊ नये. सिकलसेल घेऊन शिकलेली, नोकरी-संसार करणारी माणसं आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल रोज घेतली तर झटके बरेच कमी होतात. तिच्या कमी मात्रेचा लहान मुलांवर केलेला अभ्यास नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला आहे. निर्णय त्या बाईचा. पण तो घेण्यापुरती माहिती आणि तेवढे आठवडे तिच्या हाती असले पाहिजेत.

यापेक्षा स्वस्त वाट म्हणजे लग्नाआधी रक्त तपासणं. तिथेही इतिहास सावध करतो. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये सुचवलं होतं की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत! आमच्याकडे आज्या-पणज्यांच्या कपाळावर गोंदण असायचं, ते हौसेचं. हे वेगळं. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात तर सत्तरच्या दशकाच्या आसपास सगळ्यांची तपासणी करून सल्ला देण्यात आला. परिणाम असा झाला की वाहक असण्याचा डाग लागला आणि लोक आपला निकाल लपवू लागले.

आपल्याकडे गोंदण नाही, कार्ड आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. काम मोलाचं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण कार्ड घरात येतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे. माझा एक जुना विद्यार्थी मुलीच्या सोयरिकीच्या काळजीत आला होता.

"सर, थे पोरीचा रिपोर्ट मांगून ऱ्हायले."

"मग दे ना. आन् पोराचा?"

"पोराचा कोन मांगते, सर?"

मुलगी वाहक होती, एवढंच. मुलगा वाहक नसेल तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार होणं शक्य नव्हतं. म्हणजे सगळा प्रश्न मुलाच्या बोटातून काढायच्या रक्ताच्या एका थेंबाचा होता. तो थेंब मागायची बापाची हिंमत झाली नाही आणि सोयरीक मोडली. मुलगी आहे का हे विचारणारी सुई आणि मुलीचाच रिपोर्ट मागणारी बैठक, दोन्ही एकाच घरातल्या गोष्टी आहेत.

आता जनुकदुरुस्तीकडे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली, त्याच्या आधी नोव्हेंबरात ब्रिटनने. रुग्णाच्याच मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यात काटछाट करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं आणि पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. शिवाय पेशी परत सोडण्याआधी कडक औषधं द्यावी लागतात, त्यांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वांझ म्हटलेल्या बाईचं आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगत नाही. 'बिरसा १०१' स्वस्त पडेल अशी आशा दाखवली आहे. पडो. तोही रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापुरता आहे, त्याच्या लेकरांकडे दोष जायचा तो जाऊ शकतोच. म्हणजे जोडीदाराची तपासणी तेव्हाही चुकणार नाही.

आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. शिकाऊ डॉक्टर मुलं-मुली गावात दिसतात, अधूनमधून कुणी ओट्यावर टेकतं. त्यांतल्या एकीला मी हा हिशोब विचारला. बाई दुसऱ्या महिन्यात आली तर तिचं रक्त लगेच तपासता येतं. ती वाहक निघाली की नवऱ्याचं तपासायचं. तोही वाहक असेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कण काढून बाळाचं निदान होतं. वेळ पुरतो, म्हणाली. मग अडतं कुठे? ती हसली. बायको सांगितल्या दिवशी येते, नवऱ्याला बोलावलं की तो वावरात असतो.