मध्यमा, जॅझ आणि बिनदाखल्याचे नर्तक

वैनगंगेकाठचा बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला तरी १९५६ पर्यंत त्याचा कारभार राजधानी नागपूरहून चाले. मराठी तिथे परकी नव्हे. जिल्ह्याच्या आग्नेयेला, आता छत्तीसगडात गेलेले खैरागड आहे. तिथल्या राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी दिवंगत कन्या इंदिरेच्या स्मरणार्थ आपला राजवाडाच संगीत विद्यापीठाला दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि अठरा दिवसांनी राज्यांची फेरमांडणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले! भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर सुरुवातीच्या काळात इथे कुलगुरू होते.

अशा मुलखातली मुलगी उद्या जॅझ डान्सच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करू लागली, तर मला नवल वाटणार नाही. इंटरमिजिएट म्हणजे आपली मध्यमाच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली ते गेल्यावर शिष्यांनी मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही त्याची शिडी पुढे कथक-भरतनाट्यमलाही लागली. नुसते नाचून भागत नाही. हातावर ताल धरून बोल म्हणायचे आणि ते लिपीत लिहायचेही.

या शिडीने मोठे काम केले. मुलीने नाचायचे म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारे घर दाखला पाहून निवळले. पण ज्यांनी ही कला जिवंत ठेवली, त्यांच्या हाती तो दाखला कुठे होता? आपल्या गोव्यात हे सांगायला नको. देवळाच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांना समाजाने टाळ्या दिल्या, मान मात्र हात राखून दिला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी तो मान गळ्याच्या जोरावर वसूल केला. नाचणाऱ्यांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

जॅझचेही तेच. न्यू ऑर्लीन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलाम नाचले, १९२६ साली उघडलेल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी लिंडी हॉप रंगवला. परीक्षक, अभ्यासक्रम, गुण हे सारे मागाहून आले. आणि आपल्याकडे? गिरणीत राबलेल्या भगवानदादांच्या नाचाला कुणी गुण दिले होते? त्यांच्या ‘अलबेला’त (१९५१) आपले हळदोण्याचे चिक चॉकलेट बँड घेऊन पडद्यावरही दिसतात.

गंमत पुढेच आहे. रंगमंचीय जॅझ नृत्याचा जनक म्हणतात तो अमेरिकन जॅक कोल (१९११–१९७४) भरतनाट्यम शिकला होता. १९३०च्या दशकात त्याने त्या हालचाली स्विंग संगीतावर बसवून नाइटक्लबात नाचवल्या. मान, खांदे, छाती, कंबर एकेक सुटी हलवणे हा आज जॅझच्या वर्गातला पायाचा धडा. त्याला आयसोलेशन म्हणतात. त्याची मुळे आफ्रिकी नाचातही खोल आहेत, पण कोलच्या हातून त्यात आपल्याकडचेही काही मिसळले. धड स्थिर ठेवून मान डावी-उजवीकडे सरकवणे याला ‘अभिनयदर्पणा’त ‘सुंदरी’ म्हटले आहे. आरशासमोर तेच घोटणाऱ्या त्या मुलीला परीक्षेत नाव मात्र ‘हेड आयसोलेशन’ असेच सांगावे लागेल.