मातीच्या गडापासून कागदी गलबतापर्यंत

दिवाळी चार दिवसांवर आली, कीं पुण्याच्या पंचक्रोशींतील मुलांना घरांतल्या फराळापेक्षां अंगणांतल्या मातीची ओढ अधिक लागते. विटांचे तुकडे, दगड, जुनें गोणपाट आणि तांबडी माती एवढ्या साहित्यावर डोंगर उभा राहतो. उतारावर अळीव पेरले, कीं थोड्याच दिवसांत हिरवळ उगवते. माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज, बुरुजावर तोफा, वाटेवर मावळे आणि गुहेंत एक वाघ. इतर ठिकाणच्या मुलांना हा गड मनानें रचावा लागतो. धायरीच्या मुलाला मान वर केली कीं पुरे. नैर्ऋत्येस सिंहगड उभाच असतो.

धायरी हें सिंहगडाच्या वाटेवरचें गांव, आणि धारेश्वराचें देऊळ ही त्याची जुनी खूण. २०१७ सालापर्यंत टप्प्याटप्प्यानें तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें, अंगणांच्या जागीं इमारती आल्या; तरी इमारतीच्या आवारांतील एखादा कोपरा दिवाळींत गडासाठीं राखलेला असतोच. अशा गांवांतील एकाद्या मुलाचा किल्ल्याचा नाद मोठेपणींही सुटला नाहीं, असें क्षणभर कल्पावें. तो नाद कोणकोणतीं वळणें घेईल?

पहिलें वळण मापाचें. लहानपणीं बुरुजापेक्षां मावळा मोठा असला, तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. पुढें तेंच डोळ्यांना खुपूं लागतें. मावळा दोन इंचांचा धरला, तर पायथ्यापासून सुमारें २,००० फूट उंच असलेला सिंहगड त्याच मापानें जवळजवळ ६० फूट उंच करावा लागेल. कोणत्या अंगणांत तो मावणार? मग मावळा लहान होतो, नखाएवढा होतो, आणि अखेर एका सोंगटींत वीस-पंचवीस मावळे मानले जातात. येथें बाहुली संपते आणि सोंगटी सुरू होते. बाहुली शोभेसाठीं असते. सोंगटीला चालावें लागतें, आणि प्रसंगीं मरावेंही लागतें.

असा विचार करणारा हा कांहीं पहिला नव्हे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ पटावर मांडून लढण्याचा चतुरंग भारतांतच जन्मला, आणि बुद्धिबळ हें त्याचेंच संतान. परंतु बुद्धिबळाच्या पटावर चिखल नसतो, अंधार नसतो, आणि दोन्ही पक्षांना सारें कांहीं दिसत असतें. प्रशियाच्या राइस्विट्झ पितापुत्रांनीं ही उणीव हेरली. पित्यानें १८१२ सालीं आपला युद्धखेळ राजापुढें मांडला. पुत्रानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम छापून काढले. घरांच्या पटाऐवजीं नकाशा, दैवासाठीं फांसा, आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच. तेथील सैन्यानें तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं पत्करला. पुढें १८९८ सालीं फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थानें आरमारी लढायांचा असाच खेळ सिद्ध केला, आणि १९१३ सालीं एच. जी. वेल्स या कादंबरीकारानें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून खेळण्यांतले शिपाई घरच्या जमिनीवर कसे लढवावे, तें सांगितलें.

ही शिदोरी घेऊन धायरीचा छंदिष्ट प्रथम अर्थातच ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र मांडतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांना दिलेला कोंडाणा परत घ्यावयाचा आहे. गडावर उदेभान राठोड, कड्याखालीं तानाजी मालुसरे. गोष्टींत हा प्रसंग सरळ असतो: दोर लागतो, मावळे चढतात, तानाजी पडतो, गड येतो. पटावर तो तसा राहत नाहीं. दोरावरून एका वेळीं किती माणसें चढणार? पहिलीं दहा वर पोंचलीं आणि पहाऱ्यास जाग आली, तर? नायक पडल्यावर उरलेल्यांचा धीर फांशावर सोडावा लागतो, आणि कितीएक डावांत मावळे मागें फिरतात. तेव्हां कोठें सूर्याजीनें त्या घटकेस माणसें सांवरलीं, याचें मोल ध्यानांत येतें. गड घेतल्याची खूण म्हणून पेटविलेल्या आगीचा उजेड राजगडावर दिसला, असें सभासदाची बखर सांगते. तो उजेड दिसेपर्यंत राजगडावर कोणाला कांहींच ठाऊक नव्हतें. आपण इतिहास शेवटापासून वाचतों. तो घडविणाऱ्यांना शेवट माहीत नव्हता. हें डावांत हरलेल्यालाच नीट उमगतें.

कांहीं वर्षांनीं गड मागें पडतो. मावळ्यांवर धूळ बसते आणि मेजावर कागदाचीं शिडें उभीं राहतात. ‘याचा एक छंद धड नाहीं,’ असें घरचीं माणसें म्हणतात. डोंगराकडे तोंड करून बसलेल्या गांवांत हें समुद्राचें वेड आलें कोठून? पाणी कांहीं फार दूर नाहीं. खडकवासल्याच्या जलाशयाकांठीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्हींचे छात्र एकत्र शिकतात, आणि नौकानयनाचे धडे त्याच पाण्यावर गिरवितात. शिवाय गडांचा अभ्यास करणाऱ्याच्या वाटेंत सिंधुदुर्ग आल्यावांचून राहत नाहीं. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं त्याचा पाया घातला गेला. चहूंकडे पाणी असलेल्या त्या गडाचा अर्थ गलबतांवांचून लागतच नाहीं.

म्हणून दुसरा डाव खांदेरीचा. मुंबईच्या तोंडावरचें हें बेट १६७९ सालीं महाराजांच्या माणसांनीं ताब्यांत घेतलें, तटबंदीस आरंभ केला, आणि मुंबईकर इंग्रजांनीं त्याची नाकेबंदी केली. पटावर एका बाजूस ‘रिव्हेंज’ हें तोफांचें जहाज व तिच्या सोबतच्या नौका; दुसऱ्या बाजूस दौलतखानाचीं गलबतें. सामना विषम दिसतो. मग वाऱ्याचा फांसा पडतो. वारा पडला, कीं शिडांचें मोठें जहाज जागच्या जागीं खिळतें, आणि वल्ह्यांचीं गलबतें उथळ पाण्यांतून निसटून जातात. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. उलट ‘रिव्हेंज’नें आपल्या तोफांच्या बळावर मराठी गलबतांना मागें रेटलें. तरीही रात्रीच्या अंधारांत बेटावर रसद पोंचत राहिली, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाकेबंदी उठविली. डोंगरावरच्या लढाईंत शौर्य डोळ्यांत भरतें. समुद्रावर वारा, भरती आणि धान्याचीं पोतीं यांचा हिशेब अगोदर करावा लागतो.

तिसरा डाव मांडतांना मात्र हात अडखळतो. स्थळ विजयदुर्ग, काळ फेब्रुवारी १७५६. कान्होजी आंग्र्यांचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानीत नाहींसा झाला होता. १७५५ सालीं नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यांत त्याच्याविरुद्ध करार झाला, आणि त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग पडला. आतां वॉटसनचें आरमार विजयदुर्गाच्या खाडींत शिरतें, क्लाइव्ह आपली पलटण किनाऱ्यावर उतरवितो, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज असते. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागते, आणि जवळजवळ नांगरून ठेवलेलें सारें आरमार पेटतें. १३ फेब्रुवारीस किल्ला इंग्रजांच्या हातीं जातो.

मेजावर ही आग कापसाच्या बोळ्याला लाल रंग देऊन दाखवितात. पण खेळाला दोन पक्ष लागतात. सिंहगडीं आणि खांदेरीस आपला पक्ष कोणता, हें कोणी विचारलें नव्हतें. येथें दोन्हींकडे मराठी नांवें आहेत. छंदिष्ट एकदां तुळाजी होऊन खेळतो, एकदां पेशवा होऊन. पेशव्याच्या बाजूनें पाहतां प्रत्येक चाल समंजस वाटते: बेबंद सरदार आवरावयाचा आहे, आपलें आरमार अपुरें आहे, इंग्रज मदतीस तयार आहे. चूक अशी एकही सांपडत नाहीं, आणि डाव संपतो तेव्हां पटावर शिडें उरतात तीं इंग्रजांचीं. पुढें पेशव्यांचें आरमार आनंदराव धुळपांच्या हाताखालीं विजयदुर्गासच नांदलें. परंतु जळालेल्या आरमाराची जरब त्याला लाभली नाहीं.

तेव्हां गडावरून गलबतावर आणि गलबतावरून या जळक्या खाडीवर आलेल्या छंदाला चंचलपणा म्हणणें रास्त नव्हे. प्रत्येक डावानें मागच्या डावाला न सुटलेला एक प्रश्न विचारला: कसें जिंकलें, कशाच्या बळावर जिंकलें, आणि जिंकून कोणाचें हित झालें. वेल्सनेंही आपला खेळ रंगवून अखेरीस खऱ्या युद्धाचा तिटकाराच व्यक्त केला होता. दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें.

पुन्हां दिवाळी येते. घरांतलें लहान मूल माती कालवतें, आणि आतां केस पिकलेला छंदिष्ट त्याला गोणपाट ताणून देतो. मावळा बुरुजापेक्षां मोठा असतो. तो कांहीं बोलत नाहीं. फक्त गडाच्या पायथ्याशीं एक परात ठेवून तींत पाणी भरतो आणि कागदाचें एक गलबत सोडतो. तुळशीचें लग्न आटोपलें, कीं गड मोडला जाईल, आणि पुढच्या वर्षीं तीच माती पुन्हां गड होईल. विजयदुर्गाच्या खाडींत तशी सोय नव्हती.