बाजरीची कुळकथा

बाजरी मूळची आफ्रिकेतली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात तिची रानटी भावंडे आजही उगवतात. रानटी बाजरीचा दाणा पिकला की गळून पडतो, लागवडीच्या बाजरीचा कणसातच टिकून राहतो. उत्तर मालीतल्या तिलेमसी खोऱ्यातील कुंभार मातीत बाजरीचा भुसा मिसळत. तिथल्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या खापरांत उमटलेल्या ठशांवरून हे पीक तेव्हाच माणसाळले होते, असे कळते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ते सौराष्ट्रात आणि कर्नाटकातील हल्लूरपर्यंत पोचले होते. दख्खनच्या हलक्या, मुरमाड जमिनीला असे पीक हवेच होते.

पुणे जिल्ह्यात मात्र बाजरीची हद्द पावसाने आखली आहे. शिरूर, बारामतीकडे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तर मुळशीत ताम्हिणीच्या बाजूला काही हजार. जून-जुलैत पेरलेली बाजरी ऑगस्टमध्ये फुलोऱ्यावर येते. कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात, परागकोश दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे परागकण वाऱ्यावर दुसऱ्या ताटांवरून यावे लागतात. मुळशीत नेमकी तेव्हा झड लागलेली असते. पराग धुऊन जातात, दाणे भरत नाहीत आणि ओल्या कणसांवर अरगट हा बुरशीजन्य रोग पडतो. म्हणून मुळशीकरांनी खाचरात आंबेमोहर लावला आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई. ही निवड शहाणपणाची होती.

तरी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी जिल्हाभर होते. बाजरीत स्निग्धांश सुमारे पाच टक्के असल्याने पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होते, म्हणून थोडे थोडेच दळून आणतात. गव्हासारखा चिकटपणा नसल्याने पीठ ऐनवेळी भिजवून, तळहाताने रगडून मऊ करावे लागते. त्यात हयगय झाली की थापताना भाकरीच्या कडा फाटतात.

नव्या काळातला मोठा बदल १९६५ साली झाला. लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी अमेरिकेतून आलेल्या नरवंध्य वाणाच्या आधारे एचबी-१ हा संकर तयार केला. उत्पादन झपाट्याने वाढले, पण एकाच मादी वाणावर सगळी भिस्त होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाची साथ आली. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका फुटतो, गोसाव्याच्या जटांसारखा. शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर रोगाला तोंड देणारी वेगवेगळी वाणे शोधणे हेच संशोधनाचे मुख्य काम बनले, आणि ते योग्यच झाले.

पुढे दाण्यातल्या सत्त्वाकडेही लक्ष गेले. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी विकसित केलेले, लोहाचे प्रमाण जास्त असलेले ‘धनशक्ती’ हे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. ते संकरित नाही, सुधारित वाण आहे. त्यामुळे शेतकऱ्याला घरचे बियाणे राखून ते पुन्हा पेरता येते.